नखभर साल खरवडून बघा

नमस्कार काकू,

आम्ही नाशिकला बैठ्या घरात राहतो. घरामागे, उत्तरेच्या बाजूला, सासूबाईंनी पंचवीस वर्षं जपलेली छोटी बाग आहे. सप्टेंबरात त्या अचानक गेल्या. मी नोकरी करते, झाडांतलं मला फारसं कळत नाही. पण त्या गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालते. तरी एकेक झाड वाळत चाललंय. आधी हळद पिवळी पडून आडवी झाली. मग सीताफळाची पानं गेली, चाफ्याच्या नुसत्या काड्या उरल्या, मोगऱ्याची पानं डागाळून गळायला लागली. लिंबू तेवढं हिरवं आहे. आणि गेल्या आठवड्यापासून वृंदावनातली तुळसही काळी पडतेय. शेजारच्या आजी म्हणाल्या, "लावणारी गेली की झाडंही मागोमाग जातात." ते डोक्यातून जात नाही. माळीदादा म्हणतात, सगळं गेलंय, उपटून नवीन लावू. हे म्हणतात, २६ जानेवारीच्या सुट्टीत सगळं काढून पेव्हर ब्लॉक बसवू, गाडी लावायला जागा होईल. एका कोपऱ्यात नुसती माती भरलेली एक कुंडी आहे. आई तिला हिवाळ्यात पाणी घालू द्यायच्या नाहीत आणि जागची हलवूही द्यायच्या नाहीत. ती तशीच ठेवलीय. माझ्या हातून आईंची बाग मेली का? काय जिवंत आहे ते ओळखायचं कसं?

– एक वाचक, नाशिक

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेजारच्या आजींच्या वाक्यापाशी थांबले आणि दुसऱ्यांदा "सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालते" या तुमच्या वाक्यापाशी. आजींचं आधी बोलू, कारण ते तुम्हाला रात्री झोपू देत नसणार.

हळद, सीताफळ, चाफा, मोगरा. तुम्ही लिहिलेला क्रमसुद्धा बघा. कुठल्याही जुन्या माळ्याला विचारलंत तर मार्गशीर्ष-पौषात कोण कोण पानं टाकतं म्हणून तो हीच नावं घेईल. ही झाडं दर थंडीत अशीच दिसतात. तुमच्या सासूबाई होत्या तेव्हाही दिसायची. तेव्हा तुमची सकाळ डबे आणि बसच्या वेळा गाठण्यात जायची, मागच्या दाराशी त्या असायच्या, आणि त्यांना ठाऊक होतं म्हणून घरात कुणी घाबरलं नाही. या वर्षी पहिल्यांदा बाग तुम्ही बघताय, आणि तीही दुःखात असताना. झाडं तुमच्या सासूबाईंच्या मागे निघालेली नाहीत. ती दरवर्षीसारखी थंडी काढताहेत. आजींनी मायेपोटीच म्हटलं असेल, पण ते मनातून काढून टाका.

आता ओळखायचं कसं ते. उद्या सुट्टी असली तर सकाळी दहाच्या उन्हात अर्धा तास काढा. हातात पाण्याची झारी घेऊ नका, काही नको. सीताफळाची पेन्सिलीएवढी एक फांदी धरा आणि टोकापासून चारेक बोटं खाली, अंगठ्याच्या नखाने साल अगदी नखभर खरवडा. वरची राखाडी साल निघाली की खाली ओला पोपटी हिरवा रंग दिसेल. मटाराची शेंग सोलताना आतून दिसतो ना, तसाच. बोटाला किंचित गारवा लागेल. ती फांदी जिवंत आहे. खाली कोरडा तपकिरी रंग दिसला तर घाई करू नका, वीतभर खाली जाऊन पुन्हा खरवडा. मग आणखी खाली. झाडं बहुतेक वेळा वरून खाली वाळत येतात. टोक गेलं म्हणून झाड गेलं असं होत नाही. अगदी बुंध्यापाशी, मातीलगत खरवडूनही तपकिरीच निघालं, फांदी वाकवल्यावर काडीपेटीच्या काडीसारखी कट्‌कन मोडली आणि खोडावरची साल आपोआप सुटून आली, तर ते झाड गेलं म्हणायचं. त्याआधी नाही.

सीताफळाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते बघण्यासारखं आहे. आंबा किंवा पेरू घेतलात तर पानाच्या बगलेत डोळा उघडा दिसतो. सीताफळाचा दिसत नाही. त्याचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. देठ बुडाशी किंचित पोकळ असतो आणि टोपी घातल्यासारखा त्या डोळ्यावर बसलेला असतो. पान गळल्याशिवाय तो डोळा फुटूच शकत नाही. झाडावर एखादं पिवळं पान अजून लटकत असेल तर ते हलकेच खाली ओढा, सहज निघून येईल. जिथून निघालं तिथे एक गोल वण दिसेल आणि वणाच्या मधोमध मखमली तपकिरी लव असलेला, मोहरीएवढा टिपका. पुढच्या वर्षाची फांदी त्यातून यायची आहे. म्हणजे तुम्हाला ज्या पानगळीने धडकी भरली, ती झाली नसती तरच काळजी होती. पालवीला मात्र वेळ लागेल. पाडव्याला नसेल तर वैशाखात, आणि काही झाडं तर वळवाचा पाऊस अंगावर घेतल्याशिवाय हलत नाहीत.

चाफ्याचं सोपं आहे. काड्या दाबून बघा. टणक लागल्या तर ठीक. किंचित सुरकुतल्या असल्या तरी ठीक, आत साठवलेलं पाणी तो वापरतोय. टोकाशी लहानसं टोकदार बोंड दिसत असेल, तोच त्याचा डोळा. काडी मऊ, काळपट आणि दाबल्यावर पिचकणारी लागली तर ती कुजतेय. तेवढी, पांढरा चीक येईल अशा निरोगी भागापर्यंत कापून टाका. कापताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या, झोंबतो. पाण्याचं म्हणाल तर जमिनीतल्या चाफ्याला या दिवसांत पाण्याची गरजच नसते.

आणि इथे तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. मनाला लावून घेऊ नका, पण ते आजच्या आज थांबवा. सकाळ-संध्याकाळचं पाणी बंद. हे मी तुमच्या श्रमांना नाव ठेवायला सांगत नाही. माणूस गेल्यावर हातांना काहीतरी करावंसं वाटतं, आणि त्यांच्या झाडांना पाणी घालणं यापेक्षा जवळचं काय असणार? पण झाडाच्या बाजूने बघा. पानं गेली म्हणजे पाणी हवेत सोडणारं अंगच गेलं. थंड मातीत मुळांचं कामही मंदावतं. ऊन कमी, वारा गार, माती सुकत नाही. अशा वेळी दिवसातून दोनदा ओतलेलं पाणी आळ्यातच मुरून बसतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड वरून तहानलेलंच दिसतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, आणि आपण आणखी पाणी घालतो. घरच्या बागेत हिवाळ्यात थंडीने जितकी झाडं जातात त्याहून जास्त पाण्याने जातात, हे मी चाळीस वर्षं माती हाताळून सांगतेय.

पाणी कधी घालायचं? शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो बघायला शिका. पेरणीपुरता नाही हो तो शब्द. मधलं बोट दोन पेरं मातीत खुपसा. बोटाला चिखल चिकटला तर आज पाणी नाही. माती ओलसर लागली पण बोट स्वच्छ निघालं तर वाफसा आहे, आजही पाणी नाही. कोरडी भुसभुशीत लागली तरच द्या, तेही सकाळी नऊ-दहाच्या पुढे, ऊन आल्यावर. संध्याकाळी कधीच नको. रात्री निफाडकडचा गारठा तुमच्याकडे येतोच, आणि ओली गार माती रात्रभर मुळांशी धरून ठेवण्यात झाडाचं नुकसान आहे. तिकडचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबक सोडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या वेलींवर भरलेले घड असतात आणि एका रात्रीत मणी तडकतात. आपल्या झोपलेल्या झाडांना तो खटाटोप नको. कोपऱ्यातली ती एक सोडून बाकी कुंड्या तेवढ्या रात्री भिंतीलगत सरकवा आणि मातीवर दोन-तीन इंच पाचोळा पसरा. तो पाचोळा माळीदादांना जाळू देऊ नका.

परस उत्तरेला आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. त्यातच अर्धं उत्तर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला नाशिकला भर दुपारी बारा-साडेबारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, दक्षिणेला कललेला. म्हणजे घराच्या दहा फुटी भिंतीची सावली दुपारीही साडेनऊ फूट लांब तुमच्या परसात पडते. जूनमध्ये तोच सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि सावली भिंतीपाशी गोळा होते. तेव्हा तुमची बाग थंडीतले दोन-अडीच महिने घराच्या सावलीत असते. आता संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढेल आणि सावली मागे सरकेल. पाडव्याच्या सुमारास ती साडेतीन-चार फुटांवर आलेली असेल. पटत नसेल तर आज दुपारी सावलीच्या कडेला एक वीट ठेवा आणि दर रविवारी वीट पुढे सरकवत जा. दोन-तीन रविवारांत तुम्हालाच दिसेल बागेत काय परत येतंय ते.

आता तुळस. हिच्यासाठी जरा सावकाश.

वृंदावनातली तुळस काळी पडली की घरात कुणाच्याही पोटात गोळा येतो, आणि घरातलं मोठं माणूस नुकतंच गेलेलं असताना तर विचारायलाच नको. पण तुळस हे मूळचं उष्ण हवेचं झाड. थंडी तिला मानवत नाही. कार्तिकात तुळशीचं लग्न होतं तेव्हा ती मंजिऱ्यांनी लगडलेली असते. त्या मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर त्यांत बी धरतं, आणि बी पोसण्यात झुडपाची सारी ताकद जाते. त्यातच डिसेंबरची थंडी येते, भिंतीची सावली येते, आणि रोजचा तांब्या वृंदावनाच्या त्या अरुंद पोकळीत मुरत राहतो. तुमच्याकडे तो दोनदा पडत असणार. मग पानं काळी पडून गळतात. दरवर्षी मंजिऱ्या सासूबाई खुडत असतील. या वर्षी ते कुणाच्या लक्षात यायचं? सप्टेंबरात त्या गेल्या, त्यानंतर घरात काय चाललं असेल ते मला कळतं.

तुळशीला नख लावू नये असं अनेक घरांत पाळतात. तुमच्याकडे असेल तर नखाऐवजी चाकूचं स्वच्छ टोक वापरा. सकाळी आंघोळ झाल्यावर, खोडाच्या खालच्या भागात, मातीपासून चार बोटं वर टोक लावून बघा. हिरवं दिसलं तर वरच्या साऱ्या वाळक्या काड्या हिरव्या भागाच्या थोडं वर कात्रीने कापा. रोजचं पाणी आचमनाच्या पळीएवढंच ठेवा. पूजा मोडत नाही आणि मूळही कुजत नाही. हिरवं नाहीच निघालं तरी घाबरू नका. तुळशीचं झुडूप तसं दोन-तीन वर्षांचंच असतं. पंचवीस वर्षांत त्या वृंदावनात कितीतरी तुळशी होऊन गेल्या असतील, आणि बहुतेक आधीच्या तुळशीच्याच बियांतून आलेल्या. म्हणून वाळक्या मंजिऱ्या फेकू नका. एक मंजिरी तळहातावर चोळा. भुशातून खसखशीहून थोडं मोठं, काळपट-तपकिरी बी बाहेर येईल. फुंकर मारून भुसा उडवा, बी कागदाच्या पुडीत ठेवा आणि थंडी ओसरली की, फेब्रुवारीच्या शेवटी, भुसभुशीत मातीवर भुरभुरा. वरून मातीचा जेमतेम पापुद्रा. आठ-दहा दिवसांत, कधी पंधरा दिवसांत, दोन-दोन इवल्या पानांची रोपं येतात. आणि त्याआधी वृंदावनाच्या पायाशी, फरशीच्या सांदीत, पागोळीच्या जागी वाकून बघा. पडलेल्या बियांतून उगवलेलं एखादं रोप तिथे बहुधा आहेच. सापडलं तर त्याला हलवू नका, चैत्रापर्यंत तिथेच राहू द्या.

मोगऱ्याला मात्र आता हात लावायचा. सगळ्या बागेत जानेवारीत काम मागणारा तोच. पाणी बंद केल्यावर पंधरा दिवसांनी वाळकी, किडकी, आत घुसलेली फांदी काढा आणि उरलेलं झुडूप एक तृतीयांशाने छाटा. आळं हलक्या हाताने उकरून दोन दिवस ऊन खाऊ द्या, घमेलंभर जुनं शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. छाटणी चुकली तर झाड जगतं, पण उन्हाळ्यात पानंच जास्त येतात.

आणि हळद. हे वाचून तुम्ही रडाल कदाचित, रडा. पिवळी पडून आडवी झालेली हळद मेलेली नाही, ती तयार झालीय. हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक. ज्या हळदीची पानं आज वाळलीत ती मे-जूनमध्ये मातीत गेलेली असणार. म्हणजे ती तुमच्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेली आहे. सप्टेंबरपर्यंत त्यांनी तिला भर दिली, तण काढलं, आणि नंतर तिने जमिनीखाली एकटीने आपलं काम पुरं केलं.

तिचं पाणी तर ताबडतोब थांबवा. पानं पूर्ण वाळली की जमिनीलगत कापा, आठवडाभर थांबा, आणि मग टिकाव खोडापासून वीतभर लांब मारून अख्खा गड्डा खालून उचला. जवळ मारलात तर कंद चिरतात. झटकल्यावर मधे फुगीर जेठे गड्डे दिसतील आणि त्यांना बोटांसारखी फुटलेली हळकुंडं. एक मोडून बघा. गडद केशरी रंग, आणि वास असा की दोन दिवस बोटांवरून जात नाही. थोडी हळद किसून लिंबाच्या रसात लोणचं घाला, लिंबू तुमच्या दारातच आहे. पण चांगले, टणक, डोळे उठून दिसणारे आठ-दहा जेठे गड्डे बाजूला ठेवा. सावलीत, कोरड्या वाळूत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते पुन्हा लावायचे. यंदा तुमच्याकडे सण नाहीत, हळदीकुंकू नाही. पुढच्या संक्रांतीला वाण काय लुटायचं हा प्रश्न पडला, तर त्या हळदीतला एकेक गड्डा मातीसकट द्या.

झाडांखेरीज बागेत आणखी कोण कोण आहे तेही बघा. तुमचं लिंबू हिरवं आहे ना? त्याच्या आतल्या काड्यांवर, पानांच्या मागे नीट नजर फिरवा. अर्ध्या करंगळीएवढा एक कोष दिसेल कदाचित, शेपटीशी चिकटलेला आणि कमरेभोवती रेशमाच्या एका धाग्याने काडीला बांधलेला. पानांत असला तर हिरवा, वाळक्या काडीवर असला तर तपकिरी. ते लिंबावरचं फुलपाखरू. एरवी आठवडा-दहा दिवसांत बाहेर पडतं, थंडीत मात्र कधीकधी पुष्कळ दिवस तसंच राहतं. वाळकं समजून तोडू नका. माळीदादांनाही सांगून ठेवा, छाटणीत असे कोष हमखास जातात.

कोपऱ्यातली ती सोडून बाकीच्या कुंड्या उचलून बघा. खाली ओलसर मातीत बारीक मण्यांच्या राशीसारखी माती दिसली तर ती गांडुळांची विष्ठा. गांडुळं खाली गेलीत, घर सोडलेलं नाही. कुंपणाच्या तारेवर किंवा विटांच्या ढिगावर चिमणीएवढा एक पक्षी दिसतो का, जो बसल्या बसल्या शेपूट थरथरवत असतो? तो थिरथिरा. नर काळपट, पोट विटकरी, मादी मातकट. पार हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून थंडीपुरता आपल्याकडे येतो आणि होळीनंतर परततो. तुमच्या जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तिथे थंडीत पाहुणे पक्षी बघायला लांबून माणसं येतात. त्यातलाच एक पाहुणा तुमच्या पेव्हर ब्लॉकच्या जागेवर किडे टिपत असेल. बागेत किडाच नसता तर तो थांबला नसता.

आता घरातल्या माणसांविषयी. माळीदादांना दोष देणार नाही, त्यांना रोप विकून आणि लावून चार पैसे मिळतात, आणि ग्राहकाला हिरवं दिसायला हवं असतं. त्यांना इतकंच सांगा की पाडव्यापर्यंत काही उपटायचं नाही. यजमानांशी मात्र नीट बसून बोला. गाडीला जागा हवी ही गरज खोटी नाही. पण परसाचा निर्णय पौषात घेऊ नये. या दिवसांत कुठलीही बाग काढून टाकण्याजोगीच दिसते. वैशाखात बघा, तेव्हाही फरशी हवीशी वाटली तर वाट ठरवता येईल, अर्धी जागा देता येईल. आणि एकदा ब्लॉक बसवायचे म्हणून खालची माती धुम्मसने ठोकली की तिथे पुन्हा झाड धरायला वर्षं जातात. २६ जानेवारीची सुट्टी वाया घालवू नका, त्या दिवशी दोघं मिळून मोगरा छाटा. हळद तयार असेल तर तीही काढा. आई त्यांची होती. पत्रात तुमचं दुःख दिसलं, त्यांचं दिसलं नाही. मला वाटतं, ज्या बागेकडे बघवत नाही ती झाकून टाकावी असं त्यांना वाटत असेल. आईने लावलेला हळदीचा गड्डा स्वतःच्या हाताने जमिनीतून उचलू द्या त्यांना.

राहिली ती कोपऱ्यातली कुंडी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच, आणि तुम्ही ती हलवली नाहीत याचं मनापासून कौतुक वाटतं.

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माहेरून आईने अशीच एक कुंडी दिली होती. पावसाळाभर तिच्यात रुंद पानं होती, खालून जांभळट. दिवाळीनंतर ती पिवळी पडली आणि डिसेंबरात काहीच उरलं नाही. जानेवारीत मी ती माती खताच्या ढिगावर ओतली, ढेकळं फावड्याने फोडली आणि कुंडीत पिटुनिया लावला. एप्रिलच्या एका सकाळी कचरा टाकायला गेले तर ढिगाच्या उतारावर पानाचा पत्ता नसताना थेट मातीतून दोन फुलं वर आलेली. पांढरी, आत गर्द जांभळी, आणि इतकी सुवासिक की मी तिथेच उकिडवी बसले. भुईचाफा. खाली उकरून पाहिलं तर फावड्याने चिरलेला अर्धा कंद होता. बाकीचे मी स्वतःच फोडून टाकले होते. उरलेल्या अर्ध्याची पिलावळ आज माझ्याकडे सहा कुंड्यांत आहे, पण आईला ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तुमच्या कुंडीत भुईचाफाच असेल असं छातीठोकपणे नाही सांगत. फुटबॉल लिलीचा कंदही असाच झोपतो, आणि सुरणही. पण हिवाळ्यात पाणी घालू न देणारी आणि कुंडी हलवू न देणारी बाई रिकामी माती जपत नव्हती, एवढं मी खात्रीने सांगते. खात्री करायचीच असेल तर कडेने, एका बोटाने, दोन इंच माती हलकेच बाजूला करा. बोटाला काही टणक, गुळगुळीत लागलं की लगेच थांबा आणि माती परत सारून ठेवा. कुंडीवर खडूने तारीख घाला, म्हणजे चुकून कुणी रिकामी करणार नाही.

होळी झाली की रोज सकाळी ऑफिसला निघताना तिच्याकडे एकदा नजर टाका. मातीला बारीक भेग पडेल, मग जांभळट टोक दिसेल. पहिलं पाणी त्या दिवशी घाला, वाटीभर. तोवर नाही.